बिनआवाजाचा कॉम्प्युटर

निखिलचा फोन आला तेव्हा मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. निखिल म्हणजे शैलाकाकूंचा मुलगा. तो टेक्सासमध्ये, प्लेनोला राहतो आणि मला एरवी कधी फोन करत नाही. त्यामुळे स्क्रीनवर त्याचं नाव दिसलं तेव्हाच मला कळायला हवं होतं. "मीनल, आई गेली," तो म्हणाला. शेजारच्या बाईंना खिडकीतून काकू खुर्चीत बसलेल्या दिसल्या होत्या. सकाळीही तशाच, दुपारीही तशाच. मग त्यांनी त्यांच्याकडच्या किल्लीनं दार उघडलं. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. "त्या म्हणाल्या, आई कॉम्प्युटरसमोर नुसतीच बसली होती. कॉम्प्युटर बंद होता." कॉम्प्युटर बंद नसणार, हे मला माहीत होतं. चालू असला तरी शेजारी उभ्या माणसाला कळू नये, असाच तर तो आम्ही दोघींनी जोडला होता...

मी नागपूरहून एमएस करायला शिकागोला आले, तेव्हा काकूंच्या घरचं बेसमेंट मला भाड्यानं मिळालं. भारतीय दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूपासून थोडं आत, विटांचं बैठं घर. वर काका-काकू आणि खाली मी. अरविंदकाका गडगडाटी बोलायचे, मंडळाची नाटकं बसवायचे आणि प्रत्येक तालीम एका छोट्या रेकॉर्डरवर रेकॉर्ड करून घरी पुन्हा मोठ्यानं ऐकायचे. काकू अगदी उलट. त्या एका क्लिनिकमध्ये लोकांचे कान तपासायच्या. काचेच्या खोलीत पेशंटला बसवायचं, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि त्याला ऐकू आलं की त्यानं हात वर करायचा. आयुष्यभर हे केल्यामुळे असेल, पण त्यांना नको तितकं ऐकू यायचं. मी खाली दबकत दूध गरम केलं तरी सकाळी विचारायच्या, "काल उपाशी झोपलीस का गं? पातेलं एकच वाजलं." मला नोकरी लागली, मी उपनगरात राहायला गेले, तरी येणंजाणं सुटलं नाही. काका गेल्यावर तर दर शनिवारी मी त्यांना गाडीतून डेव्हनला घेऊन जायचे. भाजी, कणिक, जमलं तर एखादी मिठाई.

गेल्या उन्हाळ्यात अशाच एका शनिवारी गाडीत बसताबसता त्या म्हणाल्या, "मला कॉम्प्युटर घ्यायचाय. महाग नको. पण तो बोलता कामा नये."

म्हटलं, आजकाल कॉम्प्युटर बोलतात खरे, पण ते बंद करता येतं.

"तसं बोलणं नाही गं. पंखा. माझ्याकडच्या लॅपटॉपचा पंखा मधे मधे बोलतो, आणि मला जे ऐकायचंय ते नेमकं तेव्हाच निसटतं."

काय ऐकायचंय, ते त्यांनी परत येताना सांगितलं. नातीसाठी, निखिलच्या मुलीसाठी, त्या काकांच्या रेकॉर्डरवर गोष्टी रेकॉर्ड करत होत्या. एकदा तो बंद करायचा विसरल्या आणि तसाच बैठकीच्या खोलीत टेबलावर ठेवून बाहेर गेल्या. नंतर गोष्ट ऐकायला बसल्या. गोष्ट संपली, त्यांच्या चपलांचा आवाज झाला, दार लागलं, कुलूप फिरलं. पुढे रिकामं घर. आणि त्या रिकाम्या घरात थोड्या वेळानं कुणीतरी खुर्ची सरकवली.

"काकू, शेजाऱ्यांचा आवाज असेल," मी म्हणाले.

"असेल," त्या शांतपणे म्हणाल्या. "म्हणून तर नीट ऐकायचंय. मी घरात नसताना माझं घर कसं असतं, ते मला ऐकायचंय."

हेडफोन लावा म्हटलं तर त्यांना ते नको होते. हेडफोननं आवाज डोक्यात येतो, कुठून आला ते कळत नाही. तो खोलीत यायला हवा, खोलीतच शोधता यायला हवा. स्पीकर त्यांच्याकडे चांगले होते, काकांचे. हवा होता तो फक्त एक मुका कॉम्प्युटर, आणि तोही पेन्शनमध्ये बसणारा. निखिलकडे पैसे मागायची त्यांची तयारी नव्हती, कारण तो कशासाठी ते विचारणार. तयार मिळणाऱ्या कॉम्प्युटरांमध्ये स्वस्त ते सगळे घरघरणारे होते आणि गप्प ते सगळे महाग. तेव्हा सुटे भाग घेऊन आपणच जोडावा असं ठरलं.

मी सॉफ्टवेअरमधली. कॉलेजात एकदा कॉम्प्युटर जोडला होता, तेवढंच. काकू माझ्या शेजारी चष्मा लावून बसायच्या आणि प्रत्येक भागाबद्दल पहिला प्रश्न ठरलेला: "हा आवाज करतो का?" ग्राफिक्स कार्ड करतं, मग नको, चित्र दाखवायची सोय ज्याच्या आतच आहे असा प्रोसेसर घेऊ. फिरणारी हार्ड डिस्क करते, मग तीही नको. प्रोसेसर कमी तापणारा हवा, म्हणजे त्याच्यावरचा पंखा सावकाश फिरला तरी चालेल. पॉवर सप्लाय आम्ही असा निवडला की काम हलकं असेल तोवर त्याचा पंखा फिरतच नाही. तो महाग होता. त्याच्यासाठी आम्ही प्रोसेसर एक पायरी खालचा घेतला, तोही एका विद्यार्थ्याकडून जुना. काकूंना हे सगळं फार आवडायला लागलं होतं. एकाला दुसरं चालतं का, हे बघण्यात संध्याकाळ निघून जायची. "आमचं दोघांचं काहीच जुळत नव्हतं," एकदा त्या हसून म्हणाल्या, "पण तेव्हा असं आधी तपासून बघायची सोय नव्हती." प्रोसेसर थंड ठेवणारा धातूचा ठोकळा आम्ही भला मोठा घेतला, आणि मग लक्षात आलं की स्वस्तात मिळालेल्या कॅबिनेटचं दार त्याच्यामुळे लागतच नाही. जेमतेम अंगठ्याएवढी अडचण, पण कॅबिनेट परत करून रुंद घ्यावं लागलं.

सगळं जोडलं, बटण दाबलं. आतला दिवा लागला, पंखा हळूच फिरायला लागला, पण पडदा काळाच. सगळं पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. तरी काळाच. शेवटी मशीन उचलून दुकानात नेलं. तिथला माणूस म्हणाला, प्रोसेसर आणि मदरबोर्ड जुळतात, पण बोर्ड दुकानात बराच काळ पडून होता. त्याच्या आतला प्रोग्रॅम ह्या प्रोसेसरच्या आधीचा आहे, म्हणून बोर्डाला हा ओळखूच येत नाही. त्यानं तो प्रोग्रॅम नवीन केला आणि पडदा उजळला. घरी आल्यावर काकू बराच वेळ मशीनजवळ कान नेऊन बसल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "नाही बोलत."

त्यानंतर दर शनिवारी निघताना त्या रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवायला लागल्या.

नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी डेव्हनहून परत आल्यावर त्यांनी मला थांबवून घेतलं. फ्रिजचा प्लग काढला. हीटिंग बंद केलं. बाहेर बर्फ पडत होता आणि आम्ही दोघी घरात कोट घालून बसलो. "डोळे मीट," त्या म्हणाल्या. "काय ऐकलंस ते मला सांगायचं नाही. आवाज जिथून आला तिकडे फक्त हात कर."

मी डोळे मिटले. आधी दार लागलं, कुलूप फिरलं. अंगणातून माझाच आवाज आला, "सांभाळून काकू, घसरडं आहे." मग माझी गाडी निघून गेली. घड्याळाची टिकटिक. लांबून बस. बराच वेळ काही नाही. मला वाटलं, झालं, काही नाहीच. आणि कुणीतरी खाकरलं. बोलायला सुरुवात करण्याआधी माणूस खाकरतो, तसं. हलकं, जवळचं, घरातल्या माणसाचं. आपोआप माझा हात वर गेला. डोळे उघडले तर हात स्वयंपाकघराच्या दाराकडे होता. काकूंनी डोळे मिटलेलेच होते. त्यांचाही हात तिकडेच होता.

रेकॉर्डिंग पुढे चालूच होतं. शेवटी कुलूप उघडल्याचा आवाज, पिशव्या ठेवल्याचा आवाज, काकूंचं "हुश्श". मग त्यांनी ते बंद केलं.

"काका?" मी विचारलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"छे. ह्यांचं खाकरणं मला ठाऊक नाही होय? हे कुणी दुसरंच आहे." त्या उठून फ्रिजचा प्लग लावायला गेल्या. "मला वाटलं होतं हेच असतील. नाहीत. पण कुणीतरी आहे... घाबरू नकोस. त्याला माझ्याकडून काही नको असावं."

त्या घाबरल्या नव्हत्या, मी मात्र घाबरले होते. आणि आणखी एक गोष्ट मला घरी जाताना वाटभर छळत राहिली. ते खाकरणं मी कुठेतरी ऐकलेलं होतं.

काकूंनी हे सगळं निखिलला फोनवर सांगून टाकलं, आणि तिथे गडबड झाली. त्याला वाटलं, आईचं डोकं एकटेपणानं फिरायला लागलंय. डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतो, घर विकू, तू प्लेनोला चल, असं त्यानं सुरू केलं. काकूंनी मला विनवलं, "तू ऐकलंयस ना? त्याला सांग. मी वेडी नाही एवढंच सांग." मी फोन केला. तो ऐकून घेऊन म्हणाला, "मीनल, तू पण?" तो जानेवारीत येणार होता, स्वतः ऐकणार होता. त्याआधीच काकू गेल्या.

सगळे विधी आटोपल्यावर एके दुपारी निखिलनं मला घरी बोलावलं. घर तसंच होतं. कॉम्प्युटरच्या पडद्याचं बटण दाबलं तर तो लगेच उजळला. इतके दिवस तो चालूच होता. "आईला काय ऐकू यायचं ते मला ऐकव," तो म्हणाला. मी फ्रिजचा प्लग काढला. हीटिंग बंद केलं. थँक्सगिव्हिंगच्या आधीचं तेच रेकॉर्डिंग लावलं. कुलूप, माझा आवाज, गाडी, घड्याळ, बस. मग ते खाकरणं.

निखिलचा चेहरा एकदम मोकळा झाला. वैतागून हसला तो. "अगं, ही तर आईच आहे! फोनवर लेक्चर द्यायच्या आधी ती अशीच करायची. दॅट्स आई. तुम्ही दोघी कशाला घाबरलात?"

मला ते त्याच क्षणी ओळखू आलं. बेसमेंटच्या जिन्यावर येऊन मला हाक मारायच्या आधी काकू अशाच खाकरायच्या. जगातल्या सगळ्यांचे आवाज त्यांना कळायचे, पण स्वतःचं खाकरणं बाहेरून कसं ऐकू येतं ते कुणाला माहीत असतं?

"निखिल," मी म्हणाले, "तेव्हा त्या माझ्या गाडीत होत्या. माझ्या शेजारच्या सीटवर. आताच गाडी निघाल्याचं तू ऐकलंस."

त्याचं हसू हळूहळू गेलं. त्यानं ते पुन्हा लावलं, पुन्हा लावलं. मग दुसऱ्या शनिवारचं, मग तिसऱ्याचं. कधी खुर्ची, कधी कपाटाचं दार, कधी ते खाकरणं. शेवटी तो उठला, रेकॉर्डर चालू करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "चल, बाहेर जाऊ." आम्ही डेव्हनवर चहा पीत बसलो. दोघांनीही चहा संपवला नाही. परत येऊन ऐकलं. घड्याळ होतं. बस होती. बाकी काही नव्हतं. अगदी शेवटपर्यंत ऐकलं, काहीही नव्हतं. निखिल तेव्हा रडला. फ्यूनरलला रडला नव्हता तो.

कॉम्प्युटर तो प्लेनोला घेऊन गेला. त्यांच्या मोठ्या घरात, जिन्याखालच्या खोलीत काकांच्या स्पीकरांसकट ठेवलाय म्हणाला. नात त्याच्यावर आजीच्या गोष्टी ऐकते. तो मला अधूनमधून फोन करतो आता. परवा केला तेव्हा बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत होता. मग म्हणाला, "गेल्या वीकेंडला आम्ही सगळे तळ्यावर गेलो होतो. जाताना मी रेकॉर्डर चालू करून ठेवला."

मी विचारलं, "आणि?"

पलीकडे शांतता होती. तो त्या खोलीतच बसला असावा. कॉम्प्युटर चालू होता की बंद, ते मला ऐकू येणं शक्यच नव्हतं.

"ऐकलं नाही अजून," तो म्हणाला.