तांब्या तिथं हाय

“तांब्या तिथं हाय. आपल्या हातानं घ्या.”

पिंपरीच्या आमच्या कारखान्याच्या फाटकावर पाणी मागणाऱ्या प्रत्येकाला तिथल्या पहाऱ्यावरचे हवालदार एवढंच ऐकवायचे आणि काठीने कोपऱ्यातला माठ दाखवायचे. एकदा मुंबईहून मोठे साहेब आले, घशाला कोरड पडली म्हणाले, तर त्यांनाही काठीच दाखवली. माठ मात्र रोज स्वतः घासून भरायचे.

मी तिथं टाइमकीपर. फाटकाशेजारच्या खोलीत बसून हजेऱ्या लावायच्या आणि उरलेल्या वेळात लोकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढायच्या, हे माझं काम. हवालदारांबद्दल माझं मत ठरलेलं होतं: पलटणीतला माणूस, ताठा जायचा नाही. कोणी म्हणे, सोवळं पाळतात. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि माझ्यासारखंच चटकन मत बनवून मोकळे झाला असाल.

ते मूळचे कुरुळीचे शेतकरी, दुसऱ्या महायुद्धात इटलीपर्यंत जाऊन आलेले. स्वतःच्या लढाईबद्दल अवाक्षर काढत नसत. सांगायचे ते एका कॅनडाच्या शिपायाबद्दल.

“साधा शिपाई, भाऊसाहेब. फीत न्हाई, बिल्ला न्हाई. बाप गव्हाचा शेतकरी. आपल्यासारखाच, फकस्त बर्फ जास्ती.”

समुद्राकडच्या गावात कॅनडावाले लढत होते, शेजारच्या टेकाडावर हवालदारांची मराठा पलटण. गावात जर्मन घराघरांत दडलेले. रस्त्यावर पाऊल टाकलं की मशीनगन माणूस कापून काढायची. म्हणून कॅनडावाले रस्ता सोडून भिंती फोडत पुढे सरकायचे. सुरुंगाने भगदाड पाडायचं, आत बॉम्ब फेकायचा, धूर बसायच्या आत संगीन घेऊन शिरायचं. आतलं ओरडणं थांबलं की पुढची भिंत. हवालदार गोळ्यांच्या पेट्या पोचवायला गेले आणि तिथंच अडकले. तो शिपाई सगळ्यांच्या आधी भगदाडात शिरायचा, बाहेर येऊन ओकायचा, तोंड पुसून पुन्हा शिरायचा.

“भ्या वाटत न्हाई का, खुणेनं इचारलं. त्यानं हात म्होरं केला. लटलट कापत व्हता.”

तिसऱ्या सकाळी एका घरात, चुलीपाशी, तोफगोळ्याचा तुकडा त्याच्या पोटात घुसला. आतडी दोन्ही हातांनी धरून तो भिंतीला टेकला आणि पाणी मागू लागला. ‘वॉटर’ हा शब्द हवालदारांना येत होता. पोटाच्या जखमेला घोटभरही पाणी द्यायचं नाही, हे पलटणीत पढवलेलं होतं. पण मरणाऱ्याला पाणी नाकारू नये, हे कुरुळीत त्याच्याही आधी पढवलेलं होतं.

“मी म्हनलं, गेला हा. आख्खी बाटली त्याच्या तोंडात रिकामी केली.”

पण नुसत्या त्या जखमेने तो मरणार नव्हता. थोड्याच वेळात डॉक्टर आणि स्ट्रेचरवाले पोचले. तोवर पाणी आणि रक्त ओकत, टाचा घासत तो गेला होता. रिकामी बाटली पाहून डॉक्टरने हवालदारांच्या थोबाडीत मारली.

“ह्यो जगला असता, म्हनला. यवढं इंग्रजी मला कळलं.”

त्यानंतर मी कधी त्यांच्याकडे पाणी मागितलं नाही. मुकाट्याने उठायचो आणि घ्यायचो.

हवालदारांच्या वारलेल्या थोरल्या भावाचा एकुलता मुलगा आमच्याकडेच यंत्रावर होता. चांगला पंचविशीतला, लग्न ठरलेला. त्याला नोकरीला लावलं हवालदारांनीच. एका दुपारी यंत्राचं चाक फुटलं आणि लोखंडाचा तुकडा त्याच्या पोटात शिरला. पुण्याला न्यायला लॉरी यायची होती, म्हणून चौघांनी त्याला उचलून फाटकाशी आणून निजवलं. खाली रक्ताचं थारोळं.

“तात्या, पानी. तात्या, घोटभर.”

एकजण तांब्या घेऊन धावला. हवालदारांनी काठीने तांब्या उडवला. दुसरा आला, त्याच्या मनगटावर काठी बसली. हाड मोडलेलं मला ऐकू आलं.

“मरत्याला पानी देत न्हाईस? कसाई हायेस का रं?”

लोकांनी दगड उचलले. हवालदारांचं कपाळ फुटलं, रक्त डोळ्यांत उतरलं, तरी ते पुतण्याच्या आडवे उभे राहून काठी फिरवत होते. आणि मी? मला सगळं माहीत होतं. मी खोलीच्या दारात उभा होतो आणि माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

पोरगा लॉरीतच गेला. पुण्याचे डॉक्टर म्हणाले, पाणी दिलं नाहीत ते बरोबर केलंत, पण रक्त फार गेलं होतं.

प्रेत कुरुळीला आणलं तेव्हा मी बरोबर होतो. हवालदारांच्या वहिनी रडल्या नाहीत. दिराच्या पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

“भावजी, पानी मागत व्हता का?”

“व्हय.”

“दिलं का?”

मी मनात म्हणत होतो, हवालदार, खोटं बोला. एवढं एकदाच खोटं बोला.

“न्हाई.”

वहिनींनी पायातली वहाण काढून साऱ्या गावादेखत त्यांच्या तोंडावर मारली. डॉक्टरांचं म्हणणं मी सांगायला गेलो, तर त्यांनी ऐकलं नाही. एका घरात राहून पुढे त्या हवालदारांशी कधी बोलल्या नाहीत. फाटकावरच्या माठातलं पाणीही कामगार पिईनात. हवालदार तो रोज भरायचे आणि संध्याकाळी ओतून टाकायचे.

दोन वर्षांनी ते अंथरुणाला खिळले. मी कुरुळीला गेलो तेव्हा ओसरीवर निजवलेले होते, घरघर लागली होती. माझ्या तोंडात पाणी घालायचं नाही, असं त्यांनी आधीच बजावून ठेवलं होतं. जमलेले पुरुष एकमेकांची तोंडं पाहत बसले.

वहिनी आतून तांब्या घेऊन आल्या. खाली बसून त्यांनी दिराचं डोकं मांडीवर घेतलं.

“मागनाऱ्याला दिलं न्हाई तुमी, भावजी. आता न मागता घ्या.”

त्यांनी ओंजळीने पाणी सोडलं. घोट खाली उतरला. थोडं ओठांवरून ओघळलं, ते वहिनींनी पदराने पुसून घेतलं.