फक्त यांच्या हातानं सुरू होणारी गाडी

आमच्या गाडीला माणूस कळतो, असं आमचे हे, म्हणजे माझे यजमान, चारचौघांत छाती काढून सांगायचे. बारा वर्षांची जुनी डिझेल गाडी, आणि म्हणे तिला फक्त यांचाच हात कळतो. लायसन माझ्याकडंही होतं. कपाटात, साड्यांच्या खाली.

सकाळी गाडी सुरू करणं म्हणजे आमच्या दारात पूजाच. चावी फिरवायची, इंजिन तापवणाऱ्या हीटरचा दिवा विझू द्यायचा, परत बंद, परत चालू, असं तीनदा. क्लच पार तळाला. मग सेल्फ मारायचा. गाडी घुर्र... घुर्र... घु... करून गप्प. मग हे डोळे मिटून म्हणायचे, "थांब, तिला जरा दम खाऊ दे." चौथ्या-पाचव्या खेपेला कशीबशी लागली की यांची मान अशी ताठ व्हायची, जणू इंजिन यांनीच घडवलंय.

नाहीच लागली तर उतार. आमच्या ढोकीतल्या गल्लीत तो नव्हता, म्हणून यांनी दारात दोन ट्रॉल्या मुरूम टाकून घरचा उतार करून घेतला. लग्नाला गेलं की मांडवासमोर एवढी मोकळी जागा असली तरी हे गाडी लांब चढावर लावणार, आणि मी भरजरी नेसून धुरळ्यातून चालत येणार. येडशीला रामलिंगाला गेलो तर गाडी चालूच, हे गाडीपाशी, दर्शनाला मी एकटी. देवाला यांचा नमस्कार कितीतरी वर्षं मीच पोचवला.

गल्लीतले लोक धक्का मारायला यायचे आणि जाताना निदान करून जायचे. एक म्हणाला, डिझेलात पाणी आहे. दुसरा म्हणाला, पंप गेला. तिसऱ्यानं बॅटरी बदलायला लावली, चौथ्यानं सेल्फ खोलून आतले कार्बन बदलायला लावले. गाडी होती तशीच. चहा मात्र मी सगळ्यांना केला.

आता हसत सांगते, पण चार वर्षांपूर्वी हसू आलं नव्हतं. मला मुख्याध्यापिका म्हणून बढती आली. शाळा परंड्याच्या अलीकडच्या एका गावात. एसटी दोनदा बदलायची, तरी घंटेच्या आत पोचायची खात्री नाही. मी म्हटलं, गाडी नेते. हे म्हणाले, "तुझ्यानं ती सुरू व्हायची न्हाय. वाटंत बंद पडली तर काय करशील? लोक हसतील." मी नकार लिहून दिला. स्वतःच्या हातानं, चांगल्या अक्षरात. माझ्या मागचे एक गुरुजी मुख्याध्यापक झाले आणि मी सातवीला विज्ञान शिकवत राहिले.

यंदा परत आदेश आला. तीच वाट, आठ दिवसांत हजर व्हायचं. आता दुसऱ्यांदा नकार दिला तर तिसऱ्यांदा कोण विचारतंय? हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "लिहून टाक नकार. गाडीचं तुला माहीतच हाय."

त्या 'माहीतच हाय'नं माझं टाळकं सरकलं. काय माहीत होतं मला? पंधरा वर्षं मुलांना सेल, तार आणि दिवा जोडून दाखवतेय, पण दारातल्या गाडीचं बॉनेट एकदाही उघडून बघितलं नव्हतं. माझीच मला लाज वाटली.

साखर कारखान्याच्या रस्त्याला एक म्हातारे मिस्त्री बसतात, ऊसवाल्या ट्रॅक्टरचे सेल्फ दुरुस्त करतात. शाळेतून येताना त्यांना गाठलं आणि गाडी कुणाची ते न सांगता तिचं दुखणं सांगितलं. हातातला पाना न सोडता ते म्हणाले, "मॅडम, हेडलाईट लगाव और सेल्फ मारो. लाईट बुझने लगी तो बॅटरी. लाईट वैसीच रही और सेल्फ सुस्त, तो करंट रस्ते में अटक्या." मग एक जाड केबल दिली. एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं थेट इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावायचं. "फटाक से घूम्या, तो अर्थिंग का पट्टा गया समझो."

दुसऱ्या दिवशी सकाळी हे फिरायला गेल्यावर मी चाकाखाली दगड लावले, गियर काढला आणि हेडलाईट लावला. सेल्फ मारला. गाडी रडली, पण समोरच्या भिंतीवरचा उजेड जराही हलला नाही. मग केबल जोडली आणि परत चावी फिरवली. अगं बाई! इंजिन असं गर्रकन फिरलं की मीच दचकले.

केबल परत द्यायला गेले, गाडी कुणाची ते सांगितलं आणि म्हटलं, पट्टाच गेलाय. म्हणजे इंजिनाला बॅटरीच्या मायनसशी जोडणारी तारांची वेणी. मिस्त्री हसले. "वो तो मैं साब कू कबीच बोल्या था. पाँच साल हुए. नया पट्टा भी ला के रख्या. बोले, रहने दो मिस्त्री, अपने कू जमती है."

फळीवरून तो नवा पट्टा काढून, धूळ झटकून त्यांनी माझ्या हातात दिला. मला तिथंच रडू येईल असं वाटलं, रागानं. मी घरात बसून नकार लिहीत होते तेव्हा हा पट्टा या फळीवर पडून होता, आणि यांना ते ठाऊक होतं.

हजर व्हायच्या आदल्या रात्री हे झोपल्यावर मी तो बसवला. दोन बोल्टांचं काम. जुन्या पट्ट्याच्या तीन-चार तारा तेवढ्या धड होत्या, बाकी सगळा हिरवा भुगा. घरी मी चकार शब्द काढला नाही. भांडले असते तर यांनी ते माझ्या बीपीवर ढकललं असतं.

हजर व्हायच्या दिवशी हे इस्त्रीचा शर्ट घालून तयार. "आज सोडतो तुला. पण रोज जमायचं न्हाय, तेवढं साहेबांना सांगून ये." मी स्टेअरिंगवर जाऊन बसले. समोरच्या कट्ट्यावरचे दोघंतिघं सवयीनं धक्का मारायला उठले. हीटरचा दिवा विझला, मी एकदाच चावी फिरवली आणि गाडी लागली. माणसं उभी होती तिथंच राहिली.

"आज उकडतंय, म्हणून लागली," हे म्हणाले.

मी खिडकीतून जुना पट्टा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून बघितला, मग माझ्याकडं न बघता विचारलं, "कवा बसवलास?"

"तुम्ही मिस्त्रीला नको म्हणालात, त्याच्या पाच वर्षांनी," मी म्हटलं, आणि गाडी काढली.

संध्याकाळी आले तर दारातला मुरूम पसरून सपाट केलेला. हे फावडं घेऊन घामाघूम उभे. "आता कशाला लागतोय उतार," म्हणाले. मला वाटलं होतं, राग जाईल. गेला नाही. त्या चार वर्षांत माझ्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलं होतं.

गाडी बंद केली तसा सवयीनं त्यांनी चावीसाठी हात पुढं केला. मी चावी पर्समध्ये टाकली, त्यांना चहा ठेवायला सांगितला आणि पाय धुवायला गेले.