दंडावरची मोकळी जागा

"सावलीत धरा हो, सावलीत!"

आबांचं हे वाक्य जळगावातल्या आमच्या पिंप्राळ्याच्या कॉलनीत ऐकलं नाही असं माणूस सापडायचं नाही. भाजीवाल्याची मेथी असो, कुणाची नवी स्कूटर असो, आबा हटकणारच. माझ्या सासूबाईंनी गच्चीवर पापड घातले होते, तेव्हाही हटकलं. "अहो आबा, सावलीत पापड वाळतात का कधी?" असं त्या म्हणाल्या, तर आबा ओशाळून हसले. "पापडाचं सोडा अक्का. जिभेला सवय लागलीये." पण तळहात पापडांवर आडवा धरलेलाच होता.

सवय नोकरीतली. आबा क्षयाची लस टोचायचे, बीसीजीवाले. मी आमच्या वॉर्डाच्या दवाखान्यात नर्स, त्यामुळे त्यांचं माझ्याशी विशेष जमायचं. त्यांच्या आधीच्या लोकांना म्हणे दंडावर टोचण्याआधी क्षय शरीरात आधीच शिरलाय का, याची हातावर टोचून परीक्षा घ्यावी लागायची. तीन दिवसांनी पुन्हा त्याच गावात जाऊन सूज पट्टीने मोजायची आणि मग लस. आबांच्या काळात ती कटकट गेली, पण लोकांची भीती होती तशीच. टोचणीवाला आला म्हटलं की आया पोरांना कणगीत लपवायच्या. मग आबा बाही वर करून आधी स्वतःच्या दंडावर टोचून घ्यायचे. "बघा, मी मरतो का!"

अशी किती गावं झाली असतील! त्यांच्या डाव्या दंडावर वणांची ओळच होती. कॉलनीतली मुलं हौसेने म्हणायची, "आबा, गावं वाचा!" आबा बोट फिरवत वाचायचे. "हे पारोळ्याकडचं. हे वरणगावजवळचं. हे रावेरचं." मग बोट थोडी मोकळी जागा ओलांडून पुढच्या वणावर जायचं. मुलं विचारायची, "इथलं गाव?" "इथं काही नाही," म्हणून आबा बाही खाली करायचे. आम्हाला वाटायचं, कंटाळले.

आबा दर गुरुवारी सकाळच्या एसटीने चोपड्याला जात. तिथे ना नातेवाईक, ना शेत. एकदा मला चोपड्याला काम होतं म्हणून मी सोबत गेले. काम आटोपून स्टँडवर आले, तर आबा बाकावर तसेच बसलेले. दोन वाजता सातपुड्याकडची गाडी लागली. आबा उठले, दारापर्यंत गेले, पाटीवरची गावं वाचली आणि परत येऊन बसले. गाडी गेली. मग म्हणाले, "चला ताई, आपली जळगाव लागली."

मी खमकी बाई आहे. परतीच्या वाटेवर सगळं काढून घेतलं.

त्या दोनच्या गाडीच्या वाटेवर, डोंगराच्या पायथ्याशी एक पाडा होता. बाया हटून बसल्या होत्या. स्वतःच्या दंडावर टोचूनही कुणी पोर पुढे करेना. एक म्हातारी म्हणाली, औषध आम्हाला हातात दे, आम्ही बघतो. आबांना वाटलं, विश्वास बसतोय, बसू दे. त्यांनी कालवलेल्या लशीची तांबडी शिशी दिली. ती या हातातून त्या हातात फिरली. बायांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, पोरांनी पाहिली. वैशाखातलं ऊन. शिशी सगळा पाडा हिंडून आली आणि मग काय, बाया आपापली पोरं घेऊन रांगेत उभ्या राहिल्या.

आता हे सांगायलाच हवं की ही लस उन्हात मरते. आणि मेलेली लस दिसायला जिवंत लशीसारखीच असते.

"मला माहीत होतं ताई," आबा म्हणाले. "दुसरी शिशी नव्हती. आणि त्या बायांना परत जा म्हणालो असतो, तर पुन्हा कुणी आलंच नसतं. पहिलं पोर माझ्यासमोर धरलेलं. टोचलं. मग सगळ्यांनाच टोचलं."

मनाला समजावायला एकच गोष्ट होती, कदाचित लस तगली असेल. म्हणून शेवटी त्याच शिशीतलं त्यांनी स्वतःला पुन्हा टोचून घेतलं. दीड-दोन महिने दंडाकडे बघत बसले. आधी टोचलेल्या जागी फोड आला, या जागी ना फोड, ना वण; ओळीत ती जागा मोकळीच राहिली. मग वरच्या साहेबांकडे नवी लस मागायला गेले. साहेबांनी रजिस्टर उघडून दाखवलं. प्रत्येक पोरापुढे आबांच्याच अक्षरात 'टोचले', खाली त्यांचीच सही. पुन्हा लस हवी तर आधी लिहून द्यावं लागणार होतं की मेलेली टोचली. घरात बायको, लहान मुलगा, नोकरी नवी. आबांनी लिहून दिलं नाही.

"टोचले लिहिलं की पोर बंद होतं ताई. त्याला मग कुणी टोचत नाही."

मला त्यांचा राग आला होता, हे मी लपवत नाही. पण शेजारी बसलेल्या माणसाकडे पाहिलं आणि तो राग धरून ठेवता आला नाही. त्यांच्या सहीनं पोरं कोंडली गेली आणि त्याच सहीत हे स्वतःही कोंडले गेले. दर गुरुवारी दारापर्यंत जायचं आणि परत यायचं.

मग मोठ्या माणसांना हीच लस द्यायची मोहीम आमच्या वॉर्डात आली. आबा सकाळपासून दवाखान्यात खुर्ची टाकून बसले. माझ्या लसपेटीवर त्यांचा पहारा, आणि "सावलीत धरा" सुरूच. दुपारी बांधकामावर काम करणारी एक बाई आली. नवऱ्याला क्षय होऊन गेलेला, म्हणून तिचं नाव यादीत होतं. आबांनी सवयीने विचारलं, "कोठली व तू?"

तिनं पाड्याचं नाव सांगितलं.

आबा उभे राहिले. "डावा दंड दखाड, माय."

तिनं बाही सरकवली. दंड स्वच्छ होता.

आबा खाली बसले आणि त्यांनी तिला सगळं सांगितलं. मी अडवलं नाही. बाई ऐकत राहिली. मग म्हणाली, "माले याद शे. ती तांबडी शिशी मी बी हातमा लिधी व्हती." पुढे म्हणाली, "त्याच साले मना धाकला भाऊ गया. डोकं धरी धरी रडे."

मी घाईने म्हटलं, लहान पोराचं डोकं शंभर कारणांनी दुखतं. खरंच दुखतं. पण लहान मुलांच्या मेंदूतला क्षय रोखायलाच ही लस असते, हे मला ठाऊक होतं आणि आबांनाही.

बाई रागावली नाही. तिनं साधं विचारलं, "मंग तवय काबर नही सांगं, आबा?"

तिला टोचायला लस भरताना माझ्या हातातल्या शिशीवर आबांनी तळहात धरला. ती गेल्यावर त्यांनी स्वतःची बाही वर केली. वय झालेल्यांनाही ही लस होती, यादीत त्यांचं नाव होतंच. मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाले, "इथं." मी तिथंच टोचलं.

नंतरच्या गुरुवारी ते चोपड्याला गेले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी विचारलं तर म्हणाले, "ती गाडी पकडली तरी उतरून काय सांगू ताई? तेव्हा का नाही सांगितलं, असं तिनं विचारलं, त्याचं उत्तर कुठंय?" मला वाटलं होतं, सांगून टाकल्यावर सुटतील. उलट आता चोपड्यापर्यंतही जाईनात.

महिन्याभराने एका सकाळी आबा उठले नाहीत. झोपेतच हृदय थांबलं. मुलगा पुण्याहून यायचा होता, म्हणून शेजारच्यांनी अंघोळ घालायची ठरवली. सदरा काढायला मी मदत केली.

ओळीतल्या मोकळ्या जागी लालसर फोड आला होता. मधोमध पिवळा ठिपका. लस जिवंत होती.

खिडकीतून ऊन थेट त्यांच्या दंडावर येत होतं. मी त्यावर तळहात आडवा धरला, आणि बाकीचे पाणी घेऊन येईपर्यंत तसाच धरून ठेवला.