उमरोळीचे दोघे भाऊ

आमच्या बाबांना बोईसरच्या बायका पाठीमागे बाईलवेडा म्हणायच्या. म्हणेनात बापड्या! आईला दम्याचा त्रास, म्हणून विहिरीचं पाणी तेच भरायचे, भाकऱ्याही थापायचे आणि आम्हा तिघी बहिणींच्या वेण्या इतक्या घट्ट घालायचे की शाळेत दिवसभर आमच्या भुवया वर चढलेल्या असायच्या. काम सुटलं की सायकल थेट दारात. पान नाही, तंबाखू नाही, कट्ट्यावर बसणं नाही. असा नवरा मिळायला नशीब लागतं, असं शेजारणी तोंडावर म्हणायच्या. आई म्हणायची, नशीब आहेच हो, पण माणूस भोळा सांब.

गावातल्या माणसांना वेल्डिंग आणि फिटिंग शिकवून कामाला लावायचं, ही बाबांची सरकारी नोकरी. तारापूरला वीजकेंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. हिंदी बोलणारे वेल्डर लांबून येत होते आणि उमरोळी-बेटेगावची माणसं त्यांच्या हाताखाली घमेली वाहत होती. बाबांना ते खुपायचं. आम्ही स्वतः घाटावरून आलेले, पण इथल्या लोकांचा पुळका त्यांनाच जास्त. सायकल मारत गावोगाव जायचे, अंगणात बसायचे आणि सांगायचे, दोन वर्षं माझ्याकडे शिका, कायमची नोकरी लावून देतो. लावून देतो! तो शब्द द्यायचा अधिकार त्यांना कुणी दिला होता, ते देवच जाणे.

त्या शब्दावर अकरा जण आले. त्यात उमरोळीचे दोघे सख्खे भाऊ होते. दोघं शिकायला आले म्हणून घरची शेती त्यांनी दुसऱ्याला बटाईने दिली होती. त्यांची आई आमच्याकडे वालाच्या शेंगा पाठवायची आणि निरोप असायचा, मास्तर, पोरं तुमच्या वटीत घातली हायत. धाकट्याचा हात तर असा बसला होता, की त्याने जोडलेला पाइप बाबा घरी आणून आईला दाखवायचे. आई म्हणायची, मला काय कळतंय त्यातलं, आणि तरी हात फिरवून बघायची.

घोळ झाला तो जन्मतारखेचा. इथे कुणाला जन्मतारीख ठाऊक असणार? नाव घालताना बाबा विचारायचे, वय किती, तर समोरचा म्हणायचा, तुमीच धरा. मग बाबा एक जून लिहायचे. त्यांची स्वतःची तारीखही गावच्या शाळामास्तरांनी एक जूनच लावली होती, त्यामुळे त्यात काही चूक आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. थोरला आला तेव्हा म्हणाला, वीस धरा. धाकटा महिन्याभराने आला, तोही म्हणाला, वीस धरा. बाबांनी दोन्ही वेळा धरले. पुन्हा मागचा कागद उघडून बघावा, एवढं काही त्यांच्या मनात आलं नाही.

दोन वर्षांनी यंत्रं बसवणाऱ्या एका कंपनीने अकराही जणांना बघायला बोलावलं. हातची परीक्षा झाली, सगळे पास. कायमच्या नोकरीचे कागद टेबलावर होते, फक्त सही राहिली होती. साहेब परप्रांतीय, पण माणूस वाईट नव्हता. कागद चाळता चाळता तो उमरोळीच्या दोघांवर थांबला. बाप एक, आई एक, तारीख एक, सालही एक. त्याने मान वर करून बाबांना विचारलं, "जुडवा हैं क्या?"

दोघे भाऊ तिथेच बाबांच्या मागे उभे होते.

बाबा म्हणाले, "नाही साहेब. दोघांत दोनेक वर्षांचं अंतर आहे."

झालं! हाता-तोंडाशी आलेला घास गेला. या दोघांच्या तारखा मनाच्या, तर बाकीच्यांच्या खऱ्या कशावरून, असं म्हणून साहेबाने अकराही कागद बाजूला ठेवले. शाळेचे दाखले आणा म्हणाला. जे शाळेत गेलेच नाहीत, ते दाखले आणणार कुठून? पुढच्या आठवड्यात त्या जागांवर बाहेरची माणसं आली. बाबा कचेऱ्यांचे उंबरे झिजवत राहिले, पण कुणी दाद दिली नाही.

आईने त्यांना फाडून खाल्लं. खरं बोलायचा ठेका काय तुम्ही एकट्यानेच घेतलाय? अकरा जणांच्या चुलीत पाणी ओतलंत! बाबा भाकरी थापत ऐकत राहिले. गावात मात्र त्यांचं नाव झालं. मास्तर म्हणजे देवमाणूस, नोकऱ्या गेल्या पण खोटं बोलला नाही. मलाही शाळेत मान ताठ करून सांगावंसं वाटायचं. आज त्याचीच लाज वाटते. आमच्या घरचा पगार चालू होता ना! उमरोळीच्या शेंगा तेवढ्या बंद झाल्या.

वर्षभराने मी आणि बाबा एका लग्नाला वाणगावला गेलो. परतताना स्टेशनात गवताच्या गाठी वॅगनमध्ये चढवत होते. त्यांत धाकटा भाऊ होता. मानेला कुसळं, हात खरचटलेले. बाबांना बघून गाठ खाली ठेवून आला, नमस्कार केला, माझी चौकशी केली. थोरला कुठे म्हणून बाबांनी विचारलं, तर म्हणाला, मिठागरावर. शेती परत मिळाली नव्हती. बटाईवाला आता सोडायला तयार नव्हता.

मग तो खाली बघून म्हणाला, "मास्तर, त्या दिवशी आमी दोघं हो म्हणणार होतो. जुळे हाय म्हणून. तुमी आधी बोललात."

मला वाटलं, बाबा आता खऱ्या-खोट्याचं काहीतरी सांगतील.

"मला सुचलंच नाही रे," ते म्हणाले. "लोक काहीही म्हणोत. त्या वेळी मला ते सुचलंच नाही."

धाकट्याने मान हलवली. मुकादम हाका मारत होता, म्हणून तो गाठी उचलायला गेला.