त्या दुपारी मी घरीच झोपले होते

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. अब्बा नांदेडच्या बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे. "बंद पडायला कारण असतंच, दिसत नसेल तर भिंग घे," असं म्हणणाऱ्या माणसाच्या घरात मी वाढले. तरी हे लिहितेय, कारण मनात ठेवून ठेवून थकले.

लातूरच्या भूकंपाला काही वर्षं झाली होती. नांदेडात गल्लोगल्ली क्लासेसच्या पाट्या लागत होत्या. मी दहावीत. अब्बांना कुठून तरी कळलं की सीनियर कॉलेजात दुपारी कॉम्प्युटरचा सर्टिफिकेट कोर्स असतो, त्यात शाळेच्या मुलांनाही घेतात. झालं! सकाळी शाळा, दुपारी कॉलेज, संध्याकाळी गणिताची ट्यूशन. शाळेच्या युनिफॉर्मवरच कॉलेजात जायचे, तिथली मोठी मुलं हसायची. त्या वर्षाचं काय आठवतं विचाराल तर... झोप. ऑटोत झोप, प्रार्थनेला उभ्या उभ्या झोप.

लॅबमध्ये एका कॉम्प्युटरवर दोघी बसायच्या. माझ्यासोबत सुनंदाताई. ती तिथंच बी.ए.ला होती, लातूरकडच्या खेड्यातली. आई आणि दोन्ही भाऊ भूकंपात गेलेले, नांदेडला मामाकडं राहायची. फार बोलायची नाही. मला डुलकी लागली की कोपरानं ढोसायची – "ए नसरीन, सर बघून राहिले."

त्या दिवशी पूर्वपरीक्षेचा शेवटचा पेपर देऊन घरी आले. जेवून कॉलेजला निघायचं होतं, पण ताटावरच डोळे मिटायला लागले. अम्मी म्हणाली, जरा पड. जाग आली तेव्हा दिवस मावळत होता. अम्मी उशाशी मेथी निवडत बसलेली. उठवलं नाही म्हणून मी रडले. अब्बाही चिडले, तर ती त्यांनाच म्हणाली, "सोने दो बच्ची को!" दुपारपासून मी कूसही बदलली नव्हती म्हणे, आणि ती माझ्याजवळून हलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सरांची माफी मागायला गेले.

"गैरहजर? कधी?" सर म्हणाले. "काल लाईट गेली, मी लॅबला कुलूप लावलं, तेव्हा तुम्ही दोघी पायरीवर होतात की. तू तर झोपली होतीस. मी सुनंदाला म्हटलं पण, हिला घरी पोचव."

सरांचा काहीतरी घोटाळा झाला असेल, असं वाटलं. पण शाळेच्या युनिफॉर्मात तिथं येणारी मी एकटीच होते... तेवढ्यात सुनंदाताई आली आणि माझा हात धरून व्हरांड्याच्या टोकाला घेऊन गेली.

"काल मी परत घरी जायचंच नाही म्हणून आले होते," ती म्हणाली. "नदीकडं निघाले होते. लई थकले होते गं. लाईट गेली, सगळे निघाले, मी चप्पल घालायला पायरीवर टेकले, अन् तू येऊन बसलीस. म्हणालीस, ताई, लई झोप येऊन राहिली. अन् टाकलंस डोकं माझ्या खांद्यावर! आता झोपलेल्या लेकराला उठवावं कसं? बसून राहिले. ऊन उतरलं. मग मामा शोधत आले. त्यांच्याशी बोलून वळले, तर तू गेलेली."

"आणि आता?" मी कसंबसं विचारलं.

"आता न्हाई. मामींना सगळं सांगितलं रात्री. त्या माझ्याजवळच झोपल्या."

ती मी नव्हते, हे तेव्हा तिला सांगायची हिंमत झाली नाही. ताईचा हात गार होता, आणि तिनं माझा हात घट्ट धरलेला होता.

पुढं ती उदगीरला शाळेत नोकरीला लागली, तिथंच संसार झाला. मध्यंतरी तिच्याकडं गेले होते, तेव्हा अखेर सगळं सांगून टाकलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवून माझ्याकडं बघितलं, मग हसली.

"येडी हायस का? मग माझा खांदा कुणाच्या डोक्यानं अवघडला होता?"

अम्मी गेली. तिला शेवटपर्यंत विचारत राहिले, तिचं उत्तर कधी बदललं नाही. दोघीही खोटं बोलणाऱ्या नव्हेत. कुणाला काही उलगडा होत असेल तर सांगा, मी शोधायचं सोडलंय. एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे – त्या दुपारी मी खरंच कॉलेजला गेले असते, तर लाईट जाताच खुशीत घरी पळाले असते. ताईकडं वळूनही बघितलं नसतं.