परीक्षेच्या खोलीत पाणी

लॅपटॉपवर लाल पट्टी आली आणि संदीपची टेस्ट बंद पडली. तेव्हा मी पाण्याचा गिलास घेऊन त्याच्याजवळ उभी होते.

"माय, तू आत काहून आली वो?"

"तुले पाणी आणलं."

"कॅमेऱ्यानं तुले पाहिलं ना! खोलीत दुसरं माणूस दिसलं का टेस्ट खतम."

"मंग? मी का तुले कॉपी देऊन राहिली होती?"

तो डोकं धरून बसला.

संदीप माझा मुलगा. चौदा वर्षं पुण्यात सॉफ्टवेअरचं काम केलं. कंपनीनं माणसं कमी केली, त्यात तोही गेला. सून इथे पवनीला दवाखान्यात नर्स आहे, पोरगी शाळेत. म्हणून त्याला रिमोट जॉब पाहिजे होता. रिमोट म्हणजे ऑफिस कुठेतरी दूर, काम घरी बसून. आठ महिने अर्ज केले. कोणी म्हणे अनुभव जास्त आहे, कोणी उत्तरच देईना. या एकाच कंपनीनं शेवटच्या टेस्टपर्यंत येऊ दिलं. हीही गेली तर पुन्हा घर सोडून पुणे.

"दोन तास दारात बस, कोणाले आत येऊ देऊ नको," त्यानं मला सांगितलं होतं. मला ते शिकवायची गरज नव्हती. शाळेत शिपाई म्हणून सव्वीस वर्षं परीक्षेची दारं मीच सांभाळली. शेजारीण सूप मागायला आली, तिला दारातूनच परत पाठवलं. पण अर्धा वेळ झाला की मुलांना पाणी द्यायचं, हेही माझंच काम होतं. बोर्डाच्या परीक्षेतही देत होते. अर्धा वेळ झाला, मी उठले, पाणी नेलं. 'कोणाले' यात मीही येते, हे डोक्यात आलं नाही.

"साहेबाले फोन लाव. मी बोलते त्याच्यासंग."

"साहेब नाही माय, मशीन पाहते."

"मशीनच्या वर कोण आहे?"

"मेल आयडी आहे."

शाळेत पर्यवेक्षक चुकला तर वर हेडमास्तर होते. इथे भांडायचं कोणाशी, ते मला अजून कळलं नाही.

संदीपनं झालं ते खरं लिहून पाठवलं. चार दिवसांनी दोन ओळींचं उत्तर आलं. नियम मोडला, पुन्हा टेस्ट नाही. पुढच्या महिन्यात तो पुण्याला गेला.

परीक्षा घेणारा दिसत नसेल तर पाणी आधीच टेबलावर ठेवावं.

आत गेलेली बाई मीच. कौसल्याबाई, निवृत्त शिपाई, पवनी. शिक्षण चौथी.