चौतीस ताटं आणि एक जीभ

वर्ष संपायला आलं की त्या घराण्यातले लोक एकमेकांना फोन करून एवढंच विचारायचे, "मोठ्या काकूंकडे कधी?" कशाला जायचं, किती जण, काय आहे, हे विचारायची पद्धतच नव्हती. सुट्टीतल्या एका दुपारी चौतीस माणसं काकूंच्या तीन खोल्यांत मावायची. कुणी पलंगाच्या कडेला, कुणी खिडकीत, कुणी कपाटाला पाठ लावून, पण मावायची; कारण खिडकीजवळच्या टेबलावर जेवणाआधीचं चटकमटक मांडलेलं असायचं, आणि त्याच्यापासून हातभर अंतरात राहायला माणूस कितीही अंग चोरतो.

टेबलावर सात बश्या. पोखरून चीज भरलेले टोमॅटो, बलक मिरपुडीत कालवून परत जागेवर बसवलेली अर्धी अंडी, बोटाएवढी माशांची कटलेटं, बटाट्याचे गोळे, त्यांच्यासोबत लाल सॉस, लोण्यात परतलेली मश्रूम आणि गोडखाऊंसाठी साखर भुरभुरलेल्या, तळलेल्या सफरचंदाच्या चकत्या. हे सगळं नुसतं भूक लागायला. मग सूप, भाजलेल्या कोंबड्या, मटारभात. धाकटे काका दरवर्षी पहिलं कटलेट तोंडात टाकून डोळे मिटायचे आणि म्हणायचे, "वहिनी, हे खायला मिळणार असेल तर दादाचा भाऊ म्हणून मी पुन्हा जन्माला येतो." दरवर्षी हेच, आणि दरवर्षी लोक पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. त्यांची बायको, जिला लग्नाला सोळा वर्षं होऊनही सगळे नवी काकूच म्हणायचे, ती हसून झाल्यावर मऊ आवाजात म्हणायची की पण ताई, इतकं कशाला करायचं, हल्ली सगळं मागवता येतं, आमचा हॉल तर केवढा मोठा आहे.

बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस मोठ्या काकू म्हणजे "अगं, माझा चष्मा कुठाय" या प्रश्नाचं उत्तर. हा एक दिवस त्यांचा.

आणि कुणालाच ठाऊक नव्हतं की दोन महिन्यांपासून काकूंना वास येत नव्हता आणि चव कळत नव्हती. ताप आला, चार दिवस राहिला आणि पाहुण्याने जाताना दुसऱ्याची छत्री उचलून न्यावी तसा दोन्ही घेऊन गेला. काकू काकांना न सांगता डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर पावतीवर सही करता करता म्हणाले, येईल हो. कधी येईल? ते सांगता येत नाही. जेवण जातंय ना? मग झालं तर.

जेवण जात होतं. कापूस गिळावा तसं.

काकूंनी आयुष्यात वाटीने मोजून काही केलं नव्हतं. किती मिनिटं ठेवायचं असं कुणी विचारलं तर त्या म्हणायच्या, वास बदलला की उतरव. त्यांचं घड्याळ नाकात होतं. फडताळातल्या एकाही डब्यावर चिठ्ठी नव्हती. झाकण उघडायचं आणि ओळखायचं. आता त्या झाकण उघडून नुसत्या उभ्या राहायच्या. कांदा काळा झालेला डोळ्यांना दिसायचा तेव्हा काम आटोपलेलं असायचं. असे तीन कांदे त्यांनी केराच्या टोपलीत वर्तमानपत्राखाली लपवले होते.

सांगून मोकळं व्हावं, असं नव्हतं. कारण पुढे काय होतं ते काकूंना पक्कं माहीत होतं. त्यांनीच ते एकदा केलं होतं. सासूबाईंची नजर अधू झाली तेव्हा काकूंनीच दाराशी खुर्ची आणून ठेवली आणि प्रेमाने म्हटलं, आई, तुम्ही बसा आता, मी आहे ना. म्हातारी त्या खुर्चीवर सहा वर्षं बसली. रोज विचारायची, मटार सोलायचेत का गं? रोज उत्तर, नको आई, झालं. स्वयंपाकघरातून कुणी कुणाला हाकलत नाही. खुर्ची आणून देतात.

तेव्हा या वर्षी काहीही करून निभावायचं होतं.

आदल्या दिवशी पहाटेपासून काकू कामाला लागल्या. मासे तळून झाले, उरलेलं तेल गाळून डब्यात गेलं, बटाटे उकडले, सॉस आटला. आणि मग त्या चमचा हातात धरून घरभर जीभ शोधत फिरू लागल्या.

पहिले काका. काकांनी वर्तमानपत्रावरची नजर न काढता चमचा चाखला आणि म्हणाले, मस्त. काकांच्या मस्तवर जाण्यात अर्थ नव्हता. एकदा कपड्यांसाठी केलेली खळ वाटीत निवत ठेवली होती, ती या माणसाने निम्मी पिऊन जरा पातळ आहे पण मस्त, असा निकाल दिला होता.

दुसरा नळवाला. तो गळका नळ बघायला आला होता आणि ओट्याखाली डोकं घालून पडला होता. काकूंनी वरूनच चमचा खाली केला. आतून आवाज आला, वा बाई, एक नंबर. मग तो बाहेर आला, पाणी मागितलं आणि दोन पेले घटाघट प्यायला. काकूंनी विचारलं, तिखट आहे की खारट? छे छे, एक नंबर, आणि तिसरा पेला. त्याचे डोळे पाणावले होते. कशाने, ते काही केल्या कबूल करेना. खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंनी तर घास चावायच्या आधीच अप्रतिम म्हणून टाकलं.

दुपारचे बारा वाजले. काकू ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत स्वतःच्या जिभेवर विसंबून त्यांनी लोकांचं कौतुक कधी तपासूनच पाहिलं नव्हतं. आता तपासायला घेतलं तर सगळी खोटी नाणी. त्यांना रडायचं होतं, पण रडायलाही वेळ नव्हता.

अख्ख्या घराण्यात त्यांच्या स्वयंपाकाबद्दल खरं बोलणारं एकच माणूस होतं. आत्या. काकांची थोरली बहीण. आत्या अर्धं अंडं उचलायच्या, हळूच चावायच्या, छताकडे बघायच्या, आणि सगळी खोली गप्प व्हायची. "चांगलंय हं वहिनी, पण मिरपूड जुनी आहे." चांगलंय हं, पण लोणी दुसऱ्या दुकानातलं घेतलंत का? कोंबडी छान, पण रात्री फ्रीजमध्ये कांद्याशेजारी होती, हो ना? आणि दरवेळी ते खरं असायचं. अठ्ठावीस वर्षं काकू न्हाणीघरात जाऊन, नळ सोडून, त्या 'पण'वर रडत आल्या होत्या.

त्यांनी आत्यांना फोन लावला. म्हणाल्या, उद्या यायचंच आहे, पण आजही येऊन जा ना. आत्यांनी विचारलं, कोण गेलं?

तीन वाजता आत्या आल्या. पर्स ठेवली, खुर्ची झाडून बसल्या. काकूंनी एकेक वाटी पुढे केली. आधी बटाट्याचं सारण.

"छान झालंय," आत्या म्हणाल्या.

काकू थांबल्या. पुढचा 'पण' येईना. अंड्याचा बलक दिला. छान. सॉस दिला, तोच, ज्यावर नळवाल्याने तीन पेले रिचवले होते. आत्यांच्या मानेची शीर ताठ झाली, गिळताना डोळे मिटले, आणि त्या म्हणाल्या, छान.

काकूंनी आत्यांच्या देखत मिठाच्या डब्यात हात घातला, चिमूटभर नाही, मूठभर मीठ वाटीत टाकलं, ढवळलं आणि चमचा पुढे धरला. आत्यांनी तोही खाल्ला. पाणी प्यायल्या. पुन्हा छान.

"वन्सं, मला नावं ठेवा," काकू म्हणाल्या.

आत्यांनी खाली बघितलं.

"अठ्ठावीस वर्षं न मागता ठेवलीत. आज हात जोडून मागतेय. नीट ठेवा."

"मला जिन्यातच कळलं, वहिनी. दूध करपलंय. तुमच्या पाठीमागे. अजूनही करपतंय."

काकूंनी वळून पाहिलं. पातेल्याच्या कडेने काळं धिरडं धरलं होतं आणि त्या तासभर त्याच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. मग त्या जमिनीवरच बसल्या आणि सगळं सांगून मोकळ्या झाल्या: ताप, डॉक्टर, काळे कांदे, वर्तमानपत्र. आत्यांनी ऐकून घेतलं. त्यांनी ना पाठीवर हात फिरवला ना अरेरे म्हटलं. उठल्या, पातेलं सिंकमध्ये टाकलं, स्वच्छ चमचा घेतला आणि मूळ सॉसच्या भांड्यात बुडवला.

"खारट," त्या म्हणाल्या. "नुसतं खारट नाही, खाऱ्या विहिरीचं पाणी. दोन किलो टोमॅटो आणखी घाला. आणि ह्या बटाट्यात लसूण कच्ची आहे, माणसं उद्या एकमेकांशी बोलायची नाहीत."

पुढचे तीन तास तोफखाना चालू होता. मश्रूम रबरी. सूपमध्ये कांदा बिचारा पोहायला शिकतोय. कटलेटं मात्र जमलीत, त्यांना हात लावू नका, नशीब आपलं. आत्या इतक्या रंगात आल्या होत्या की गालांवर लाली चढली होती, आणि काकू प्रत्येक टोमण्यावर हो वन्सं, घालते वन्सं, करत पळत होत्या. सात वाजता सगळं जागेवर आलं. निघताना आत्या म्हणाल्या, उद्या आठला येते. मी आल्याशिवाय काही तळायचं नाही.

दुसऱ्या दिवशी आठ वाजले. नऊ. आत्या फोन उचलेनात. काकूंनी टोमॅटो भरले, अंडी मांडली, बश्या पुसल्या, पुसलेल्या पुन्हा पुसल्या. दहा. सफरचंदं कापून ठेवली होती आणि ती कडेने तांबूस व्हायला लागली होती. साडेअकराला लोक येणार. साडेदहाला काकूंनी दाराकडे एकदा बघितलं, फडताळातला तेलाचा डबा काढला, कढईत ओतला आणि चकत्या सोडल्या. रंगावर नजर रोखून, एकेक सोनेरी झाली की काढत गेल्या. साखर भुरभुरली. इतक्या देखण्या चकत्या त्यांच्या हातून कधी झाल्या नव्हत्या.

सव्वाअकराला आत्या धापा टाकत आल्या. बस अर्ध्या वाटेत बंद पडली, फोन घरी राहिला, निम्मा रस्ता चालत. चप्पल काढत काढतच सूप चाखलं, चिमूटभर मीठ, कोंबडीच्या रशाला लिंबू, आणि घंटी वाजली. खिडकीजवळच्या टेबलापर्यंत त्या पोचल्याच नाहीत.

चौतीस माणसं आली, मावली, तुटून पडली. टोमॅटो गेले, अंडी गेली. धाकट्या काकांनी डोळे मिटून आपलं वाक्य म्हटलं, लोक हसले. काकू दाराच्या चौकटीला धरून प्रत्येक जबड्याकडे बघत होत्या. कुणी थांबत नव्हतं. कुणी पाणी मागत नव्हतं. श्वास आत जायला लागला.

मग धाकट्या काकांनी सफरचंदाची चकती उचलली. चावली. थांबले. चकती डोळ्यांसमोर धरून उलटसुलट पाहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "हे सफरचंद पोहत होतं का हो?"

हशा झाला. मग आणखी दोघांनी चावा घेतला, आणि हशा अर्ध्यावर थांबला. कुणी चकती रुमालात सोडली. कुणी वास घेतला आणि बशी हळूच लांब सरकवली. काकूंना फडताळ दिसलं, एकाशेजारी एक सारखे दोन डबे. एकात कोरं तेल, दुसऱ्यात काल मासे तळलेलं.

नवी काकू उठून जवळ आली. खांद्यावर हात ठेवला. तिचा आवाज इतका मऊ होता की काकूंच्या अंगावर काटा आला. स्वतःचा तो आवाज त्यांनी सासूबाईंसमोर ऐकलेला होता.

"ताई, तळताना तुम्हाला कळलं कसं नाही?"

सगळी खोली उत्तराची वाट बघत होती. काकांनीसुद्धा मान वर केली होती. नवी काकू म्हणत होती की असू दे, होतं असं या वयात, पुढच्या वर्षी आपण आमच्याकडेच...

"त्यांना काय विचारतेस? त्या चकत्या मी तळल्यात," आत्या म्हणाल्या.

आधी कुणाचा विश्वास बसेना. मग बसला, आणि घर हादरलं. अठ्ठावीस वर्षांत या घरातल्या प्रत्येकाला कधी ना कधी आत्यांनी चाखून सोडलेलं होतं. ते सगळं एकदम वसूल झालं. धाकट्या काकांनी चकती दोन बोटांत धरली, छताकडे बघितलं आणि हुबेहूब आत्यांच्या आवाजात म्हणाले, चांगलंय हं ताई, पण मासा जरा गोड झालाय. लोक डोळे पुसत होते. कुणी म्हणालं, आता यापुढे यांनी कुणाला नाव ठेवलं की एक चकती दाखवायची. आत्यांनी एक चकती उचलली, पूर्ण खाल्ली आणि दुसरी घेतली. चेहरा दगडाचा. फक्त कानाच्या पाळ्या लाल.

काकू स्वयंपाकघरात गेल्या. मागोमाग आत्या आल्या, पाणी प्यायल्या.

"मी बाहेर जाऊन खरं सांगते, वन्सं."

"आधी सूप वाढा," आत्या म्हणाल्या. "निवेल."

काकूंनी सूप वाढलं. चौतीस वाट्या. प्रत्येकाच्या पुढ्यात ठेवताना त्यांच्या मनात होतं की ही शेवटची वाटी झाली की सांगायचं. शेवटची वाटी नव्या काकूची होती. तिने एक चमचा घेतला आणि म्हणाली, काय सुंदर झालंय ताई, कसं जमतं हो तुम्हाला? काकू म्हणाल्या, सवयीने. आणि आत गेल्या.

ओट्यावर दोन्ही डबे उघडे होते. एक त्यांनी नाकाशी धरला आणि छाती दुखेपर्यंत श्वास ओढला. मग दुसरा. मग पुन्हा पहिला. बाहेर धाकटे काका आत्यांचा आवाज काढत होते आणि लोक आणखी एकदा, आणखी एकदा म्हणून आग्रह करत होते. आत्यांचा आवाज कुठेच येत नव्हता. कुणीतरी हाक मारली, काकू, सूप आहे का अजून?

आले, म्हणाल्या काकू, आणि डब्यात नाक बुडवून उभ्या राहिल्या.